गोठ्यातली जीप रस्त्यावर आणताना

मूल तालुक्यात आमच्या मामांच्या गोठ्यात एक जीप अकरा वर्षं उभी होती. 1960च्या दशकातली, पेट्रोलची, हाय-बॉनेट. वर ताडपत्री, एक्सलखाली विटा, बाजूला तणसाचा ढीग. मी पान्ह्यांची पेटी घेऊन गेलो, तेव्हा मामा दारातच म्हणाले, "खोलू नको रे बाबू. बिघडलं काहीच नाही तिचं. चालवणारा नव्हता म्हणून उभी आहे." पुढच्या आठ महिन्यांत मी जे शिकलो, ते बरंचसं त्या एका वाक्यात होतं. तेच इथं पायरीपायरीनं सांगतो.

जुनी अमेरिकन गाडी म्हटलं की मस्टँग आणि पॉन्टिअॅक जीटीओचे फोटो लोकांना आठवतात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर आलेली अमेरिकन गाडी मात्र जीप. टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँडची ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत माझगावला जोडायला घेतली आणि पुढं इथंच घडवली. हाय-बॉनेट म्हणजे सीजे-3बी. अमेरिकेत ती 1953 ते 1968 या काळात निघाली, आपल्याकडं ते रूप त्यानंतरही कितीतरी वर्षं टिकलं. युद्धातल्या जीपचं 2199 सीसीचं इंजिन साठ घोड्यांचं होतं. त्याच इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि धूर बाहेर टाकणारे ब्लॉकमध्येच ठेवले. ताकद सत्तरच्या वर गेली, इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. कूपात, जंगल खात्यात, निवडणुकीच्या कामात या गाड्या राबल्या. पुढं पेट्रोल परवडेना तसं अनेकांनी त्यात डिझेल इंजिन बसवलं. म्हणून मूळ पेट्रोल इंजिनासह नीट राहिलेली जीप सापडली, तर तिच्याकडं जबाबदारी म्हणून बघा.

भंगारातून गाडी उभी करणं आणि जपलेली गाडी चालती करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात सगळं खोलावंच लागतं. दुसऱ्यात कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि ते जास्त अवघड. बहुतेक चांगल्या जुन्या गाड्या उत्साहाच्या पहिल्या पंधरवड्यातच खराब होतात.

आधी बघा

पहिला आठवडा पान्हा हातात घेऊ नका. जाड वही, टॉर्च, लहान हातोडी आणि कापडात गुंडाळलेलं चुंबक एवढंच जवळ ठेवा. चारी बाजूंनी, खाली झोपून, बॉनेट उघडून, सीट काढून फोटो घ्या. कोणती वायर कुठून वळते, ब्रेकचा पाइप चासीला कुठं धरला आहे, कोणत्या बोल्टाखाली वायसर आहे, सगळं फोटोत यायला हवं. तीन महिन्यांनी यातलं काही आठवत नाही.

मग नंबर. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या उजव्या बाजूला, वॉटर पंपाच्या मागं कोरलेला असतो. त्यावरची चिकट माती डिझेलच्या बोळ्यानं पुसा. कानस किंवा ग्राइंडर तिथं नेऊच नका. तो नंबर आणि चासीचा नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर ताडून बघा. आमच्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला, त्यामुळं त्याआधीच्या अहेरी-सिरोंच्याच्या गाडीचे कागद चंद्रपूरचे असणार. गाडी 1 नोव्हेंबर 1956च्या आधीची असेल तर हा बहुतेक मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि कागदावर तेच राज्य दिसेल. त्यात शंकेचं काही नाही.

चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथं ते धरत नाही, तिथं रंगाखाली लांबी भरलेली आहे. हातोडीनं चासीवर टिचक्या मारत पुढून मागं जा. निरोगी लोखंड खणखणतं, गंजलेलं बद्द वाजतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथं चासीला धरलेली असतात ती जागा, शेवटचा आडवा दांडा आणि तळाच्या पत्र्याखालचे आडवे पट्टे या तीन ठिकाणी आपल्याकडची माती पावसाळ्यात भिजून चिकटते आणि वर्षभर ओल धरून ठेवते. भामरागड-एटापल्लीकडं फिरलेल्या गाडीत ही ठिकाणं दोनदा बघा. चासी खालून खाल्लेली असेल, तर पुढची सगळी पानं वेगळी लिहावी लागतील.

आठवड्याच्या शेवटी वहीत तीन रकाने आखा: राहू द्यायचं, दुरुस्त करायचं, बदलायचं. पहिला रकाना सगळ्यात लांब असेल तर तुम्ही नीट बघितलं असं समजा. बदलायच्या रकान्यात काय येणार हे मात्र मी आत्ताच सांगतो: सगळ्या टायर-ट्यूब, ब्रेकचं सगळं रबर, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप. टायरची नक्षी कितीही छान दिसो, वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टायरला बाजूनं बारीक भेगा पडलेल्या असतात. जुनं जपायचा नियम या तीन गोष्टींना लागू नाही.

आणि एक्सलखालच्या विटा पहिल्या दिवशीच काढा. वीट वजनाखाली काही सूचना न देता फुटते. लोखंडी स्टँड लावा. जीपच्या हँडब्रेकवर विसंबू नका. तो चाकांवर काम करत नाही, ट्रान्स्फर केसच्या मागं, मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर करतो. शाफ्ट सोडला किंवा मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून काम कोणतंही असो, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा.

इंजिन हातानं फिरवा

बॅटरी जोडून सेल्फ मारून बघायचा मोह होतो. तो आवरा. कोरड्या सिलिंडरमध्ये गंजलेल्या रिंगा जोरात फिरल्या, तर पाच सेकंदांत अकरा वर्षांची राखण वाया जाते.

चारही प्लग काढा. काढण्याआधी खळग्यांतली माती फुंकून टाका, नाहीतर ती आत पडेल. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. तोवर खालचं जुनं ऑइल काढून घ्या. शक्य असेल तर ऑइल पॅनही उतरवा. गास्केट सोडलं तर खर्च काही नाही, पण तळाशी शेणाएवढा जाड काळा गाळ बसलेला असतो. या इंजिनात ऑइल ओढणारी जाळी तरंगती आहे, गाळापासून वर राहावी म्हणून. आजचं नवं ऑइल जुना गाळ सोडवतं, आणि सुटलेला गाळ त्या जाळीकडंच जातो. गाळ न काढता नवं ऑइल भरून बेअरिंग घालवलेली इंजिनं मी बघितली आहेत.

तिसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढून हँडल लावा आणि हळू फिरवा. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. जोर नेहमी खालून वर ओढताना लावायचा, वरून दाबताना नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हात सुटून यावा, मनगट मोडू नये, यासाठी हा नियम. प्लग काढलेले असतानाही तीच सवय ठेवा.

हँडल अडलं तर पाइप लावून जोर करू नका. निम्मं डिझेल, निम्मं ऑइल करून पुन्हा सिलिंडरमध्ये ओता आणि आठवडाभर थांबा. रोज सकाळी थोडा ताण द्या, पुढंमागं. आमचं इंजिन चौथ्या दिवशी हललं. हँडल फिरतं पण एखादा सिलिंडर दाब धरत नाही, असं झालं तर बहुधा ब्लॉकमधला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर अडकलेला असतो. बाजूचं टॅपेट कव्हर काढलं की तो दिसतो. तेल सोडून, लाकडाच्या काडीनं हलकं ठोकून तो खाली येतो. त्यासाठी हेड उघडायची गरज नसते.

नवं ऑइल भरा. साधारण चार लिटर लागतं, आमच्या उन्हाला 20डब्ल्यू-50 चांगलं. फिल्टर बदला. मग बॅटरी जोडा आणि प्लग न लावता, इग्निशन बंद ठेवून, सेल्फनं थोडं थोडं फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा उचलला की पहिला जीव भांड्यात पडतो. आता कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. फरक दहा पौंडांच्या आत असेल तर इंजिन बंदच राहू द्या. मिस्त्री म्हणेल, "आता हात लावलाच आहे तर रिंगा टाकून देऊ." ठामपणे नाही म्हणा. कंपनीत बसलेलं, न उघडलेलं इंजिन एकदा उघडलं की तसं पुन्हा कधीच होत नाही.

टॅपेट मात्र तपासा. इंजिन थंड असताना, फिलर गेजनं: वरच्या इनलेट व्हॉल्व्हला अठरा थाऊ (म्हणजे इंचाचे अठरा हजारांश), खालच्या एक्झॉस्टला सोळा. टॅपेट वाजतो म्हणून एक्झॉस्टचा गॅप कमी करून देणारे हात पुष्कळ आहेत. पण त्या व्हॉल्व्हला थंड व्हायला सीटवर टेकून बसण्याचा तेवढाच वेळ मिळतो. गॅप मारला की तो जळतो.

ठिणगी आणि पेट्रोल

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट काळे पडलेले असतात. बारीक पॉलिश पेपरच्या तुकड्यानं साफ करून गॅप वीस थाऊ ठेवा, प्लगचा तीस थाऊ. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. टोपीच्या आत केसाएवढा तडा दिसला तरी टोपी बदला, कारण आषाढात त्याच तड्यातून वीज वाट काढते. या भागांना अजून तोटा नाही. हीच यंत्रं आपल्याकडं इतकी वर्षं बनली की नागपुरात आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटला जीपचे सुटे भाग मिळतात.

पेट्रोलच्या वाटेला वेळ द्या. सीटखालची टाकी काढून जुनं पेट्रोल उघड्या जागी, विस्तवापासून लांब ओता. त्याला वॉर्निशसारखा वास येतो आणि ते भांड्याला चिकटतं. रिकाम्या टाकीतही वाफ राहते, म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग कधीच नको. आत मूठभर स्वच्छ बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून टाकी हलवत राहा, मग धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा. आतला पत्रा चकाकला नाही तरी चालेल, पोपडे सुटता कामा नयेत.

कुंभारमाशीचं नाव यादीत मुद्दाम लिहा. गोठ्यात उभ्या गाडीची एकही उघडी नळी ही माशी सोडत नाही. आमच्या टाकीच्या हवा जाण्याच्या नळीत तिनं मातीचं घर बांधलं होतं. ते दिसलं नसतं तर गाडी दोन किलोमीटर चालून बंद पडली असती, आणि आम्ही पंपाला दोष देत बसलो असतो. एअर क्लीनर, ओव्हरफ्लोच्या नळ्या, एक्सलचे ब्रीदर, सगळीकडं बारीक तार घालून बघा.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या जीपचं रबर त्याच्या आधीच्या काळातलं. इथेनॉलनं ते फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्या. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा आणि पाइपावर छापलेलं वाचा. दुसरी अडचण अशी की इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पेट्रोल नळीतच वाफाळतं आणि गाडी भर रस्त्यात गप्प होते. पेट्रोलची नळी गरम मॅनिफोल्डपासून हातभर दुरून न्या, मधली पत्र्याची आड काढून फेकली असेल तर परत बसवा.

पाणी

रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकमध्ये मिळून दहा लिटरच्या आसपास पाणी मावतं. आमच्याकडं वर्षानुवर्षं विहिरीचं जड पाणी घातलं गेलं. त्याचा पांढरा थर आणि गंजाचा गाळ ब्लॉकच्या मागच्या भागात, चौथ्या सिलिंडरभोवती साचतो. पाणी सोडायची तोटी उघडली आणि काहीच आलं नाही तर पाणी संपलेलं नसतं, गाळानं भोक बुजलेलं असतं. तोटी काढून तारेनं टोचा. थर्मोस्टॅट काढून नळीनं पाणी एकदा वरून खाली, एकदा खालून वर सोडा, स्वच्छ येईपर्यंत.

मूळ तांबं-पितळेचा रेडिएटर उकळून, डाग देऊन पुन्हा वापरा. थर्मोस्टॅट परत बसवा. "आपल्याकडच्या उन्हात त्याचं काय काम" असं म्हणून तो काढून टाकायची पद्धत पडली आहे. गळणारा किंवा तुंबलेला रेडिएटर त्यानं सुधारत नाही, आणि डिसेंबरच्या पहाटे इंजिन गरम व्हायला वेळ लागून ऑइलमध्ये ओल मात्र राहते. नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकणही लावू नका, जुन्या रेडिएटरचे सांधे त्यासाठी केलेले नाहीत. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

ब्रेक

इथं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. चालणारं इंजिन सगळे बघायला येतात, ब्रेक बघायला कोणी येत नाही.

चाक काढतानाच पहिली अडचण येते. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर 'एल' हे इंग्रजी अक्षर कोरलेलं दिसेल. ते नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतात. आमच्या जीपचे डाव्या मागच्या चाकाचे दोन स्टड कधीकाळी कुठल्याशा गॅरेजमध्ये पाइप लावून उलट्या दिशेनं तोडले होते आणि तिथं सरळ आट्याचे बसवले होते. एकाच चाकाला दोन तऱ्हेचे नट! ते सगळे आम्ही मूळ पद्धतीचे करून घेतले आणि आतून डाव्या मडगार्डवर रंगानं 'उलटे आटे' लिहून ठेवलं. पुढच्या माणसासाठी तेवढं लिहून ठेवाच.

ड्रमच्या आतली धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. पाणी शिंपडून, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर उघडा. आत बोट फिरवून खड्डे लागले तर सिलिंडर बदला. गुळगुळीत असेल तर नवे कप टाका. मास्टर सिलिंडर पायाखाली, तळाच्या पत्र्याच्या खाली असतो, म्हणजे नेमका चिखल-पाण्याच्या वाटेत. त्याच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की ब्रेक एकदा दाबल्यावर सुटत नाही.

या गाडीत ब्रेकचं एकच वर्तुळ आहे. चारपैकी एका चाकाशी पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाडीसारखा निम्मा उरत नाही. म्हणून लोखंडी पाइप बाहेरून बरे दिसत असले तरी सगळे नवे टाका. क्लिपांच्या खाली ते गंजलेले असतात. डॉट-3 तेल वापरा, बाटली नवी, एकदा उघडली की उरलेलं साठवू नका. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करा. पेडल अर्धा इंच मोकळं जायला हवं, नंतर पायाला लाकूड लागल्यासारखं घट्ट. पूर्ण दाबून एक मिनिट धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत गाडी गोठ्याबाहेर काढायची नाही.

पुढचा एक्सल, गिअर

चाळीसच्या वेगात खड्डा आला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं, हा अनुभव जुन्या जीपवाल्या प्रत्येकाला आहे. लोक स्टिअरिंग बॉक्स आवळतात, दोष बहुधा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असतो. पुढचं चाक उचला, वर-खाली धरून हलवा. कटकट लागली तर किंगपिनच्या टोपीखालचे पातळ शिम कमी करून बेअरिंगला थोडा ताण द्या. चाक मोकळं वळलं पाहिजे, पण ढिलं नको. मग टाय रॉडचे सांधे, मग शेवटी स्टिअरिंग बॉक्स.

पाट्यांच्या मधला गंज काढून ग्राफाइट ग्रीस लावा. सगळे ग्रीस निपल शोधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. गिअर बॉक्समध्ये जीएल-4 दर्जाचं 90 नंबरचं ऑइल घाला. जीएल-5 त्यातल्या पितळी भागांना मानवत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाका, नाहीतर दात झिजतील. ट्रान्स्फर केसखाली तेलाचे दोन-चार थेंब पडतच असतात, त्यासाठी तो खोलू नका.

वायरिंग

उंदरांनी काय खाल्लं ते बघा. आधी सिस्टिम 6 व्होल्टची की 12ची हे बल्बवर वाचा. कापडाच्या वेष्टणाची मूळ वायर जिथं शाबूत आहे तिथं राहू द्या, कुरतडलेला तुकडाच बदला. बॅटरीची अर्थ वायर, इंजिन ते चासी जोडणारी पट्टी, दोन्ही टोकं खरवडून लख्ख करा. निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. एक मुख्य फ्यूज बॅटरीजवळ वाढवा, तो कुणाला दिसणार नाही आणि गाडी जळण्यापासून वाचेल. डायनॅमो चालत असेल तर त्याच्या जागी अल्टरनेटर बसवू नका.

पत्रा आणि रंग

इथं बहुतेकांचा हात सैल सुटतो. संपूर्ण गाडी घासून चकचकीत रंग देणं हे सोपं काम आहे आणि जपलेल्या गाडीवरचा तोच मोठा अन्याय आहे. मामांच्या जीपच्या बॉनेटवर ड्रायव्हरच्या बाजूला रंग पातळ झाला आहे, कारण पस्तीस वर्षं मामा तिथं हात टेकून माणसांशी बोलत उभे राहिले. तो रंग मी घासू शकत नाही.

आधी साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा. मग एका छोट्या कोपऱ्यात हलकं रबिंग करून बघा. पांढरट पडलेल्या थराखाली बऱ्याचदा जिवंत रंग असतो. मूळ रंग कोणता होता हे डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला किंवा सीटखाली दिसतं, कारण तिथं ऊन पोचत नाही. नवा रंग जुळवायचा तर त्या जागेशी जुळवा, आठवणीशी नाही.

गंजाचा जिथं खड्डाच झाला आहे, तिथला कुजका पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापा आणि त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करा. वर लांबी कागदाएवढीच. भोकावर फायबर चिकटवून वर रंग दिला, की दोन पावसाळ्यांत तो फुगून सुटतो. जुना रंग घासताना तोंडाला चांगला मास्क लावा, त्या काळच्या रंगात शिसं असायचं. रंगकाम दिवाळी ते होळी या काळात करा. पावसाळ्यात ओल रंगाखाली अडकते, उन्हाळ्यात रंग बसायच्या आधीच वाळतो. चंद्रपूर, बल्लारशा, भद्रावतीच्या हवेत कोळशाची धूळ असते, म्हणून खोली बंद करून जमीन ओली ठेवा.

रुंद टायर, चमकणारे बंपर, रंगीत दिवे लावून जीप सजवायची हौस आहे. मला ती मान्य नाही. बारीक 6.00-16च्या टायरवर उभी असलेली जीप जशी दिसते तशी दिसावी यासाठीच हा खटाटोप. हूडचं कापड जाड सुती घ्या, ताडपत्री शिवणाऱ्याकडून जुन्या हूडच्या मापानंच शिवून घ्या, जुना हूड फेकू नका.

कागद

जुलै 2021मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुढच्या नोंदणीला 5,000. नोंद दहा वर्षं टिकते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच ती रस्त्यावर येते. शेतावर, बाजाराला जीप न्यायची असेल तर साधी नोंदणीच मुदतीत नूतन करत राहणं बरं. चंद्रपूरची एमएच-34 असो की गडचिरोलीची एमएच-33, परिवहन कार्यालयात जाताना इंजिन आणि चासीच्या नंबरांचे स्पष्ट फोटो न्या. मूळ इंजिन उघडू नका, बदलू नका, असं मी वर इतकं सांगितलं त्याला कायद्याचाही आधार आहे.

पहिली फेरी

पहिली फेरी सकाळी, दिवसाउजेडी. चंद्रपूर-मूल रस्ता लोहारा, चिचपल्लीवरून जंगलातून जातो आणि या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. संध्याकाळी बंद पडलेल्या उघड्या जीपखाली झोपून पान्हा चालवायची ही जागा नाही. सोबत एक माणूस, दहा लिटर पाणी, फॅन बेल्ट, पॉइंटचा सेट, टॉर्च आणि आग विझवायची छोटी टाकी घ्या.

पाच किलोमीटर चाळीसच्या आत चालवा आणि थांबा. ऑइल प्रेशरचा आणि पाण्याचा काटा वहीत लिहा. बॉनेट उघडून नळ्यांचे सांधे बघा. मग चारही चाकांच्या हबवर तळहात ठेवा. ते कोमट असायला हवेत. एखादा हात ठेवू न देण्याइतका तापला असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग आवळलं गेलं आहे. तिथून पुढं जायचं नाही, हळू परत फिरायचं. आमचा उजवा पुढचा तापला. घरी येऊन शू अॅडजस्ट केले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच, मग दहा, मग चिचपल्लीपर्यंत. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरला आणि रात्रभर कोणत्या जागी कसले थेंब पडले ते सकाळी टॉर्च घेऊन मामांनी स्वतः वहीत लिहिलं: ट्रान्स्फर केस तीन, डावा पुढचा एक, पाणी नाही.